मेडोज टेलर : मुंबईच्या दुकानातला कारकून ते नळदुर्गचा कारभारी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत तुळजाभवानी कुलदैवत असलेली घरं बरीच आहेत. लग्नकार्य झालं की गाडी करून तुळजापूरला जायचं आणि वेळ उरला तर पुढे नळदुर्गचा किल्ला बघून यायचं, असा अनेकांचा रिवाज. किल्ल्यात बोरी नदीच्या बांधाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल बघायचा, पावसाळा असेल तर नर-मादी धबधबे बघायचे, फोटो काढायचे आणि परतीला लागायचं. पण याच नळदुर्गातून १८५३ पासून चार वर्षं आख्ख्या जिल्ह्याचा कारभार एका इंग्रजाने बघितला, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. तो कुठल्या सरदार घराण्यातून आला नव्हता की परीक्षा देऊनही आला नव्हता. मुंबईत एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करायला आलेला हा पोरगा.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. बाप व्यापारी. पुढे धंदा बसला, घरची ओढाताण सुरू झाली, आणि मुलाला शाळेतून काढून एका पेढीवर कारकून म्हणून चिकटवला. त्याच सुमारास मुंबईतल्या बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याकडे जागा असल्याचं समजलं. मुलगा हाताखाली तयार होईल आणि वयात आला की भागीदार होईल, असा शब्द मिळाला होता. पंधरा वर्षांचा टेलर १८२४ साली जहाजात बसला. चारेक महिन्यांचा प्रवास करून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईला उतरला.

इथे येऊन बघतो तर मोठी पेढी वगैरे काही नाही. साधं दुकान, तेही कर्जात बुडालेलं. भागीदारीची गोष्टच संपली. परत जायचं तर भाडं कुठून आणायचं? नोकरीच्या भरवशावर घर सोडून मुंबईत उतरलेल्या आपल्याकडच्या पोरांवरही अशी वेळ आलेली आहे.

टेलरचं नशीब एवढंच की मुंबई सरकारचा मुख्य सचिव न्यूनहॅम हा आईकडून नात्यातला होता. त्याने खटपट करून हैदराबादच्या निजामाच्या फौजेत टेलरला अधिकाऱ्याची जागा मिळवून दिली. ही फौज नावाला निजामाची. पगार निजामाच्या तिजोरीतून निघायचा, पण वरचे अधिकारी इंग्रज होते. नोव्हेंबर १८२४ मध्ये हुकूम निघाला आणि सोळा वर्षांचा टेलर औरंगाबादच्या छावणीत दाखल झाला.

या नोकरीत एक मेख होती आणि ती त्याला आयुष्यभर नडली. ईस्ट इंडिया कंपनीच्या पक्क्या नोकरीतले अधिकारी वेगळे आणि निजामाच्या पगारावरचे वेगळे. काम तेच, पण मान आणि बढती वेगळी. आजच्या भाषेत कायम आणि कंत्राटी. टेलरने शेवटपर्यंत कंत्राटी बाजूलाच काम केलं.

त्यावर त्याने उपाय शोधला तो भाषेचा. दुभाष्याच्या तोंडाकडे बघत न बसता तो हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी शिकला. त्यामुळे पोलिसी कामावर त्याची नेमणूक झाली आणि तुळजापूरकडचा मुलूख त्याच्या पायाखाली आला. त्या काळातला एक किस्सा त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. यात्रेकरूंची तक्रार आली की वाणी पिठात वाळू मिसळतात. टेलरने दुकानदारांना बोलावलं आणि ज्याचं त्याचं पीठ त्याच्याच समोर ठेवून म्हणाला, खा. दंड घ्या पण हे नको, अशा विनवण्या सुरू झाल्या. बघ्यांची करमणूक झाली आणि पिठातली वाळू थांबली. स्वतः दुकानात राहिलेला माणूस असल्यामुळे मापातलं पाप त्याला चांगलंच कळत असणार.

याच भागात त्याला ठगांचा सुगावा लागला. वाटसरूंशी गोडीने ओळख करायची, सोबत चालायचं आणि मोक्याच्या जागी रुमालाने गळा आवळून प्रेत पुरायचं, हा ठगांचा धंदा. तपास रंगात आला असतानाच टेलरला परत पलटणीत जाण्याचा हुकूम आला. पुढे ठगांचा बंदोबस्त केल्याचं श्रेय मध्य हिंदुस्थानातल्या स्लीमन या अधिकाऱ्याला मिळालं. टेलरला याची रुखरुख राहिली. मग रजेवर इंग्लंडला गेला असताना १८३९ मध्ये त्याने 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी छापली. अमीर अली नावाचा ठग स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगतो, असं तिचं रूप आहे. ती इंग्लंडमध्ये तुफान खपली. राणी व्हिक्टोरियाने तर छापखान्यातून पानं निघतील तशी मागवून वाचली. 'ठग' हा आपला शब्द इंग्रजीत घट्ट बसला, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

लग्नही त्याने इथेच केलं होतं, १८३२ मध्ये, हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी मेरी हिच्याशी. पामर यांची आई मुसलमान घराण्यातली होती. म्हणजे टेलरच्या घरातच अर्धा हिंदुस्थान होता.

टेलरच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुःखाचा भाग म्हणजे सुरपूर. हे बेरड नायकांचं संस्थान आज कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यात येतं. १८४१ मध्ये तिथल्या भांडणात लक्ष घालायला त्याला पाठवलं. पुढच्या वर्षी राजा वारला. गादीवर आला लहानगा व्यंकटप्पा नायक. राणी ईश्वरम्मा आणि दरबारी यांच्यात ओढाओढ, तिजोरीत खडखडाट. टेलरने दहा-बारा वर्षं हा गाडा ओढला. कर्ज फेडलं, रस्ते काढले, तलाव बांधले. बोनाळचा तलाव त्यातलाच. जुन्या तलावाला त्याने मोठं रूप दिलं. आज तिथे पक्षी अभयारण्य आहे. शेतकऱ्याच्या नजरेने बघितलं तर त्याच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हे काम मोठं. व्यंकटप्पाला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं. राजाही त्याला 'आप्पा' म्हणायचा.

१८५३ मध्ये राजा वयात आला आणि टेलरने कारभार त्याच्या हाती दिला. त्याच वर्षी निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांना लावून दिला. त्यातल्या नळदुर्ग जिल्ह्यावर टेलरची नेमणूक झाली. इथे त्याने जमीनमोजणी हाती घेतली. आपल्या सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर दिसतो, त्या मोजणीची पद्धत १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरपासून सुरू झाली होती. निजामी मुलखात मात्र सारा वसुलीचा मक्ता दिला जायचा, आणि मक्तेदार कुळाच्या घरातलं गाडगंही सोडत नसे. शेत मोजलं, सारा ठरला, की निदान किती द्यायचं ते तरी कळायचं. मेडोज हे नाव जिभेला अवघड, म्हणून लोकांनी त्याचं 'महादेव बाबा' करून टाकलं.

१८५७ चा उठाव झाला तेव्हा त्याला तातडीने बुलढाण्याला हलवलं. पाठीशी फौज नाही, तरी वऱ्हाड शांत ठेवायचा होता. तो त्याने ठेवला. पण फेब्रुवारी १८५८ मध्ये सुरपूर पेटलं. तरुण व्यंकटप्पाने इंग्रज फौजेवर हल्ला केला, तो फसला आणि राजा हैदराबादला पकडला गेला. टेलर त्याला तुरुंगात भेटला. सामील असलेल्यांची नावं सांग, शिक्षा कमी होईल, असं समजावलं. राजाने एकही नाव सांगितलं नाही. फाशीची शिक्षा झाली. मग ती काळ्या पाण्याची झाली आणि शेवटी मद्रासजवळच्या चिंगलपेटच्या किल्ल्यात चार वर्षं कैद, इथपर्यंत उतरली. ती भोगायला नेताना वाटेतच व्यंकटप्पा अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून गेला. आपल्या हाताने झाडून घेतली, असं सांगितलं गेलं. वय अवघं चोवीस. चोविसाव्या वर्षी राज्य आणि जीव दोन्ही जाईल असं राजाच्या पत्रिकेत होतं आणि राणीने ते फार आधी आपल्याला सांगितलं होतं, असं टेलर लिहितो.

पत्रिकेचं काहीही असो, इथे एक गोष्ट स्पष्ट आहे. टेलरची माया खोटी नव्हती, पण तो सरकारचा नोकर होता. ज्याला लहानाचं मोठं केलं, त्याच्याकडे तो शेवटी गेला तो साथीदारांची नावं विचारायला. पोरगं मात्र फुटलं नाही. सुरपूर खालसा झालं आणि कारभार बघायला पुन्हा टेलरलाच धाडलं.

तब्येत खालावली म्हणून १८६० मध्ये तो इंग्लंडला गेला आणि लिहीत बसला. १८६३ ची 'तारा' ही कादंबरी शिवाजी महाराज आणि अफजलखानाच्या काळातली, आणि तिची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मणाची मुलगी. अहमदनगरच्या चांदबिबीवरची कादंबरी तो गेल्यावर छापली गेली. अखेरीला दृष्टी गेली. तशातही १८७५ मध्ये तो हैदराबादला येऊन गेला आणि परतताना फ्रान्समधल्या मांतों गावी १३ मे १८७६ रोजी वारला. मुलगी अॅलिस हिने पुढच्या वर्षी त्याचं आत्मचरित्र छापलं. सुरपूरच्या टेकडीवर त्याचा बंगला अजून उभा आहे; लोक त्याला टेलर मंझिल म्हणतात.