मोडेमचे वय कसे ओळखावे?

बेंगळुरूचा सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजेच एस. पी. रोड, हा संगणकाच्या सुट्या भागांचा नावाजलेला बाजार. अशा बाजारातील जुन्या मालाच्या ढिगात डायल-अप मोडेम आढळला, तर तो कोणत्या काळचा हे कसे ठरवावे? खोके एकसारखे, दिवे एकसारखे, दूरध्वनीच्या तारेची खाचही तीच. तरीही १९८० च्या दशकातील मोडेम आणि २००० नंतरचा मोडेम यांच्यात सेकंदाला ३०० बिट ते ५६,००० बिट एवढे अंतर आहे.

पहिला पुरावा लेबलावर असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची मानके या कामी शिलालेखासारखी उपयोगी पडतात. व्ही.२२बिस म्हणजे २,४०० बिट, व्ही.३२ म्हणजे ९,६००, १९९१ चे व्ही.३२बिस म्हणजे १४,४००, १९९४ चे व्ही.३४ म्हणजे २८,८०० आणि दोन वर्षांनी त्याचेच सुधारित रूप ३३,६००. मात्र येथे एक सापळा आहे. व्ही.२२बिस मोडेमना सर्रास ‘२४०० बॉड’ म्हटले जाई. बॉड म्हणजे एका सेकंदातील संकेतबदलांची संख्या. त्या मोडेममध्ये ती केवळ ६०० होती. प्रत्येक बदल ४ बिट वाहून नेई, म्हणून २,४०० बिट.

दुसरा पुरावा आवाजात असतो. पलीकडचा मोडेम फोन उचलताच २,१०० हर्ट्झचा लांबलचक सूर काढतो. जुन्या मोडेममध्ये तो सपाट असतो. व्ही.३४ च्या पिढीपासून त्याच सुराची तीव्रता सेकंदाला १५ वेळा किंचित कमी-जास्त होऊ लागली. हा नव्या पिढीने एकमेकांना ओळखण्याचा संकेत होता. त्यानंतर हे मोडेम १५० हर्ट्झच्या पटीतील अनेक सूर एकदम सोडून तार कोणत्या वारंवारतेला किती साथ देते, हेही तपासून घेतात. ज्याला खरखराट म्हणून लोक कंटाळत, ते वस्तुतः मोजमाप होते.

३३,६०० च्या पुढे मात्र प्रश्न मोडेमचा उरला नाही. दूरध्वनीच्या मार्गाची रुंदी साधारण ३,१०० हर्ट्झ. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ३५ डेसिबल धरले, तर क्लॉड शॅननच्या सूत्रानुसार कमाल वेग सुमारे ३६,००० बिट येतो. मग ५६,००० चा दावा कसा खरा ठरला? अंकीय दूरध्वनी केंद्र आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिते. ही गोळाबेरीज करताना जी चूक राहते, तोच गोंगाटाचा मोठा भाग. इंटरनेट सेवा देणारी बाजू थेट अंकीय जाळ्याला जोडली, तर ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेने ही चूक घडतच नाही. प्रत्येक नमुन्यातील ७ बिट भरवशाचे धरले, तर ८,००० गुणिले ७ म्हणजे ५६,०००.

अट एकच: वाटेत अंकीय-सादृश्य रूपांतर एकदाच व्हावे. म्हणून मोडेमचा इतिहास दूरध्वनी केंद्रांच्या इतिहासाशी बांधलेला आहे. बेंगळुरूत १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने अनेक वर्षे स्ट्रोजर आणि पुढे क्रॉसबार पद्धतीची यांत्रिक केंद्रे बनवली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे तिचे १२८ जोडण्यांचे ग्रामीण अंकीय केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अर्नेट हे शैक्षणिक जाळे आकाराला येऊ लागले. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था त्याच्या आरंभीच्या सहभागी संस्थांपैकी एक होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा घरगुती जोडणीचा वेग ९,६०० बिट होता. नवा मोडेम जुन्या यांत्रिक केंद्राला जोडला, तर तो मुकाट्याने जुन्या मोडेमसारखाच वागे.

तिसरा पुरावा सर्वांत फसवा. १९९७ मध्ये ५६,००० च्या दोन परस्परविरोधी पद्धती बाजारात आल्या: यू. एस. रोबोटिक्सची एक्स२ आणि रॉकवेल व ल्यूसंट यांची के५६फ्लेक्स. एका पद्धतीच्या मोडेमला दुसऱ्या पद्धतीच्या सेवेशी त्या वेगाने बोलता येत नसे. १९९८ च्या व्ही.९० मानकाने हा तंटा मिटवला. अनेक जुन्या मोडेमच्या फ्लॅश स्मृतीत नवी आज्ञावली भरून त्यांना व्ही.९० शिकवता आले. त्यामुळे खोक्यावर ‘एक्स२’ आणि आत व्ही.९०, अशी उदाहरणे घडली. २००० च्या व्ही.९२ ने ग्राहकाकडून जाणारा वेग ४८,००० पर्यंत नेला.

यातून इतिहासाचा एक नियम हाती येतो. खोक्यावर छापलेले मानक ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच सांगते. ‘याच्या नंतर बदलला नाही’ असे ते कधीच सांगत नाही. ते जाणून घ्यायचे, तर मोडेम संगणकाला जोडून त्याला ‘एटीआय’ ही आज्ञा द्यावी लागते. हेझ कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून रूढ झालेल्या या आज्ञावलीत मोडेम स्वतःची ओळख सांगतो. उत्तराचे स्वरूप निर्मात्यागणिक बदलते, परंतु बहुधा आतल्या आज्ञावलीची आवृत्ती त्यातूनच कळते.

ही ओळख कायम टिकणारी नाही. फ्लॅश स्मृती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षे हळूहळू गळतो. भंगारात गेलेल्या मोडेमबरोबर तांबे आणि प्लास्टिक परत मिळते, आवृत्ती मिळत नाही. संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेले खोकेही आज्ञा न देताच ठेवले, तर ते अर्धेच जतन झालेले असते. देशाच्या संगणकयुगाचा इतिहास लिहायचा असेल, तर वस्तू जपण्याआधी तिला एकदा बोलते करून तिचे उत्तर लिहून ठेवले पाहिजे.