नटसम्राट: लागू, नाना आणि आपण



'नटसम्राट'चा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. आमच्या पिस्कॅटवेतही हेच. एक पक्ष म्हणतो, डॉ. लागूंनंतर ती भूमिका कोणी करूच नये. दुसरा म्हणतो, नानाने रडवलं बुवा, लागूंचं ते जुनं रेकॉर्डिंग आता जड वाटतं. मग चहा येतो आणि वाद तसाच राहतो. मला वाटतं, या वादात एक जास्त महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडतो. त्यासाठी थोडा इतिहास.

वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत रंगमंचावर आलं. संस्था दि गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. गणपतराव बेलवलकर झाले डॉ. श्रीराम लागू, कावेरी झाल्या शांता जोग. लागू तेव्हा अवघे ४३ वर्षांचे होते. आपल्या दृष्टीने गंमत म्हणजे ते एका अर्थी 'आपल्यातले'च! कान-नाक-घशाचे सर्जन, कॅनडा आणि इंग्लंडमध्ये शिक्षण, पुढे टांझानियात टबोरा इथे प्रॅक्टिस. १९६९ साली त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि पूर्णवेळ नट झाले. पुढे दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही बेलवलकर केले, पण लोकांच्या डोक्यात चेहरा बसला तो लागूंचाच. नाटकाला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

महेश मांजरेकरांचा सिनेमा १ जानेवारी २०१६ ला प्रदर्शित झाला. त्याच दिवशी नाना पाटेकर ६५ वर्षांचे झाले. म्हणजे लागूंनी म्हातारपण अभिनयातून उभं केलं, नाना खरोखर त्या वयाचे होते. सिनेमा तुफान चालला.

मूळ कल्पना शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची, हे सर्वांना माहीत आहे. पण शिरवाडकरांनी काय बदललं ते पाहण्यासारखं आहे. लिअरला तीन मुली, त्यातली धाकटी खरी मायेची. ती प्रेक्षकाला आधार देते, की जगात चांगुलपणा आहे. शिरवाडकरांनी ही धाकटी मुलगी काढूनच टाकली. राहिले एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही तुमच्या-आमच्यासारखे. राक्षस कोणीच नाही. आणि लिअरला नाटकात बायको नाही, ती इथे दिली. कावेरी, जिला अप्पासाहेब 'सरकार' म्हणतात. सगळं वाटून टाकू नका, स्वतःपुरतं काही ठेवा, असं ती आधीच बजावते. अप्पा ऐकत नाहीत. पैसा, घर सगळं मुलांना देऊन मोकळे होतात.

इथपर्यंत नाटक आणि सिनेमा बरोबर चालतात. प्रेक्षक बदलतो तो पुढे.

अप्पा घरातही रंगभूमीचीच भाषा बोलतात. लांब वाक्यं, खर्जातला आवाज. नातीला आजोबा काय काय शिकवतात यावरून सुनेशी खटके उडतात. नाट्यगृहात हे सगळं आपल्याला हवंच असतं. तो आवाज ऐकायलाच तर आपण तिकीट काढलेलं असतं. तो बंद करू पाहणारी सून म्हणजे थेट आपल्याच करमणुकीच्या आड येणारी बाई! १९७० च्या प्रेक्षकाची सहानुभूती एका बाजूला झुकली यात नवल नाही.

सिनेमात कॅमेरा येऊन बसतो दिवाणखान्यात, सोफ्यावर. तोच आवाज आता चार भिंतींत घुमतो. समोर मुलीची शाळा आणि नवऱ्याची नोकरी सांभाळणारी सून (नेहा पेंडसे) दिसते आणि क्षणभर वाटून जातं, हिचंही काय चुकलं? माझ्या ओळखीतल्या तिशी-चाळिशीतल्या निम्म्या लोकांचं मत हेच. "मुलं वाईट नव्हती रे, अप्पाच अवघड होते." आमच्या आईवडिलांच्या पिढीला हे वाक्य सहनच होत नाही.

मांजरेकरांना हे जाणवलं असावं असा माझा तर्क आहे. नाटकात नसलेला रामभाऊ हा मित्र सिनेमात आला तो त्यामुळेच असेल. विक्रम गोखल्यांनी तो असा काही केला की कित्येकांना तो नानापेक्षाही लक्षात राहिला. दोन म्हातारे नट समोरासमोर आले की अप्पांची भाषा पुन्हा नैसर्गिक वाटायला लागते, कारण ती समजणारा कोणीतरी पडद्यावर असतो. पण त्याची किंमतही मोजावी लागली. नाटक हे एका घराचं आहे, सिनेमा बराचसा गेलेल्या रंगभूमीचा शोक होतो. जुन्या प्रेक्षकांची "नाटकातली धार गेली" ही तक्रार मला इथे पटते. नाना ओरडतात की नाही, हा त्यामानाने किरकोळ मुद्दा.

आणि आवाजाची तक्रार तरी आजची कुठे आहे? लिअरच्या थोरल्या मुलीचं भांडण सुरू होतं ते बापाच्या शंभर सरदारांच्या दंग्यावरून. 'लिअर' १६०६ साली राजदरबारात झाला. म्हणजे चारशे वर्षं सून आणि मुली हेच सांगताहेत, की जरा हळू बोला!

आता आपल्याकडे बघू. आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. बाबा भारतात फोन लावतात तो जणू आवाजानेच समुद्र ओलांडायचा अशा पट्टीत. टाउनहाउसच्या भिंती पातळ, आपली नऊची मीटिंग चालू, मुलाचा गृहपाठ अर्धा. आपण म्हणतो, "बाबा, हळू." त्यात काही वाईट नाही. पण ज्या माणसाचा तिकडे गल्लीत शब्द चालत होता, त्याला इथे गाडी चालवता येत नाही, बँकेत खातं नाही, बोलायला माणूस नाही. राहिला होता तो आवाज. 'नटसम्राट' बघताना सुनेची बाजू कळणं ही प्रगतीच आहे असं मी म्हणेन, पण ती कळली म्हणून अप्पांचं दुःख कमी होत नाही. शिरवाडकरांनी खलनायक ठेवला नाही तो याचसाठी.

आणखी एक गोष्ट नाटक आणि सिनेमा यांच्या मधल्या काळात घडली, ती सिनेमात कोणी बोलत नाही. २००७ साली भारतात आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्याच्या २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत मागता येते. पण ती अट असायला हवी, आणि बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असली तर उत्तम. प्रेमापोटी कोणी अट लिहीत नाही, अप्पांनीही लिहिली नसती. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील सध्या पुण्या-ठाण्याचे फ्लॅट मुलांच्या नावावर करायच्या गोष्टी करताहेत. "तुम्ही तिकडे लांब, नंतर कटकट नको," म्हणून. आपण "कशाला एवढं" म्हणून विषय टाळतो, किंवा सही करून मोकळे होतो.

माझं म्हणणं एवढंच, की कावेरीचा सल्ला या वेळी आपण मुलांनीच द्यावा. घर तुमच्याच नावावर राहू द्या, आम्हाला घाई नाही, असं. ते आपल्या तोंडून ऐकण्यात त्यांना जे वाटेल, ते कुठल्याही कलमाने येणार नाही.

असो. लागू की नाना, ते चालू द्या. सून चुकली की नाही यावर मात्र आपापल्या घरची मतं जरूर कळवा, आणि जमलं तर आईवडिलांची वेगळी विचारून.

पिस्कॅटवेहून सर्वांना नमस्कार.