कोऱ्या वहीची किंमत

खिशात मावणारी महागडी 'मोलस्किन' वही हेमिंग्वे आणि पिकासो यांच्या नावावर खपली. पण हेमिंग्वे १९६१ मध्ये गेले, पिकासो १९७३ मध्ये. आणि मिलानच्या 'मोदो ए मोदो' कंपनीने ही वही बाजारात आणली १९९७ मध्ये!

मोलस्किन हे नाव आले ब्रूस चॅटविन या इंग्रज प्रवासलेखकाच्या 'द साँगलाइन्स' (१९८७) या पुस्तकातून. तो पॅरिसमधून अशा काळ्या वह्या घेई. त्या १९८६ मध्ये मिळेनाशा झाल्या. पासपोर्टपेक्षा वही हरवण्याची त्याला जास्त धास्ती. म्हणून पहिल्या पानावर तो पत्ता लिही, शोधून देणाऱ्याला बक्षीसही.

ही धास्ती कोऱ्या कागदाची नव्हे, लिहिलेल्या मजकुराची! शाई फुटत नसेल, शिवण पक्की असेल, तर चार पैसे जास्त जरूर द्यावेत. नुसत्या नावासाठी कशाला?