जुन्या शिसे-आम्ल बॅटरीचे पुनरुज्जीवन : पद्धत आणि मर्यादा

इन्व्हर्टर, मोटारी आणि ट्रॅक्टर यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लाँते यांनी १८५९ मध्ये लावला. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ही पहिली बॅटरी होय. नवी बॅटरी खर्चिक असल्याने जुनीच घरी दुरुस्त करण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र, बिघाडाचे कारण समजल्याशिवाय केलेला प्रयत्न व्यर्थ ठरतो, प्रसंगी धोक्याचाही.

बॅटरी वापरली जात असताना दोन्ही प्रकारच्या प्लेटवर लेड सल्फेट तयार होते. चार्जिंगमध्ये ते पुन्हा विरघळते. बॅटरी दीर्घकाळ अर्धवट चार्ज राहिल्यास या सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात व क्षमता घटते. यालाच सल्फेशन म्हणतात. सल्फेशन फार जुने नसेल, तर ते काही अंशी दूर होऊ शकते. परंतु प्लेटवरील द्रव्य गळून पडले असल्यास, जाळी गंजली असल्यास किंवा एखादा सेल शॉर्ट झाला असल्यास घरगुती उपाय चालत नाही.

प्रथम तपासणी करावी. पूर्ण चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.७ व्होल्ट असतो. तो १०.५ व्होल्टच्या आसपास अडकल्यास सहापैकी एक सेल निकामी झाल्याची शक्यता असते. पूर्ण चार्ज बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व प्रकारानुसार १.२४ ते १.२८ असते. चार्जिंगनंतरही एखाद्या सेलचे वाचन इतरांपेक्षा ०.०५ ने कमी राहिल्यास तो सेल सदोष समजावा.

सल्फेशनचा संशय असल्यास प्लेट बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी किंवा जादा आम्ल घालू नये. त्यानंतर करंट नियंत्रित करता येणाऱ्या चार्जरने मंद चार्जिंग करावे. १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीसाठी सुमारे ७ अँपिअर करंट योग्य ठरतो. दर तासाला घेतलेली तीन वाचने सारखी आल्यास चार्जिंग थांबवावे व पाण्याची पातळी खुणेपर्यंत आणावी. बॅटरी फार तापल्यास चार्जिंग त्वरित बंद करावे. एप्सम मिठासारखे उपाय सुचविले जातात; परंतु गळालेले द्रव्य किंवा गंजलेली जाळी त्यांनी पूर्ववत होत नाही.

चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून जागा हवेशीर असावी, विडी-काडी दूर ठेवावी आणि चार्जर बंद असतानाच चिमटे जोडावे वा काढावे. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. डोळ्यांत आम्ल गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे. सीलबंद बॅटरी मुळीच उघडू नये.

एवढे करूनही क्षमता परत न आल्यास बॅटरी फोडून शिसे वितळविण्याचा मोह टाळावा. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे दिल्यास नव्या बॅटरीच्या किमतीत बहुधा सवलतही मिळते. पुनरुज्जीवन फसले तरी, खरी बचत या मार्गाने साधता येते.