घरी पहिल्यांदा इंडक्शन शेगडी वापरताना कोणती काळजी घ्याल?

गॅसची टाकी वेळेवर मिळत नाही, घरात कोणाला धुराचा त्रास आहे, किंवा मुलगा शिकायला बाहेरगावी खोली करून राहतो. अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने इंडक्शन शेगडी घरात येते. अहिल्यानगर शहरातल्या फ्लॅटइतकीच ती आता वाड्यावस्त्यांवरच्या घरांतही दिसते. ती आल्यावर रुग्ण आणि नातेवाईक दवाखान्यात ठरावीक प्रश्न विचारतात: याचे किरण अंगाला बाधतात का? पेसमेकर असलेल्याने वापरावी का? गरोदर सुनेला चालेल का? या लेखात त्यांची उत्तरे दिली आहेत. त्याचबरोबर, ज्या गोष्टींबद्दल सहसा कोणी विचारत नाही पण खरे अपघात ज्यांमुळे होतात, त्याही सांगितल्या आहेत.

थोडक्यात महत्त्वाचे

• ज्वाला दिसत नाही म्हणजे शेगडी गार आहे असे नाही. भांडे उचलल्यावरही काच चटका देण्याइतकी गरम असते.
• शेगडी १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या पॉवर प्लगवरच लावा. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका.
• पेसमेकर किंवा आयसीडी बसवलेल्या व्यक्तीने छाती आणि शेगडी यांत किमान २ फूट, म्हणजे ६० सेंटीमीटर अंतर ठेवावे.
• भाजल्यास २० मिनिटे नळाचे वाहते पाणी घाला. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ काहीही लावू नका.

शेगडी चालते कशी?

वरच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. बटण दाबले की त्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते सेकंदाला २० हजारांहून अधिक वेळा दिशा बदलते. या क्षेत्रामुळे भांड्याच्या तळात वीज फिरते आणि तळच तापतो. काच स्वतःहून तापत नाही, तापलेल्या भांड्यामुळे तापते. म्हणून इंडक्शनवर फक्त चुंबक चिकटेल अशीच भांडी चालतात.

बाजारात हुबेहूब अशीच दिसणारी इन्फ्रारेड शेगडीही मिळते. तिच्यावर कोणतेही भांडे चालते, पण तिची काच स्वतःच लालभडक तापते आणि बराच वेळ गरम राहते. आपल्या घरातली शेगडी कोणती आहे, हे आधी खोक्यावर वाचून घ्या.

आरोग्याला फायदा आहे का?

आहे, विशेषतः चुलीवरून इंडक्शनवर येणाऱ्या घरांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. दमा, सीओपीडी म्हणजे जुनाट श्वसनविकार, लहान मुलांचा न्यूमोनिया यांत चुलीच्या धुराचा मोठा वाटा असतो. इंडक्शनला सरपणाचा धूर नाही, गॅसगळतीची भीती नाही आणि पदर किंवा ओढणी पेटवणारी ज्वाळा नाही. मात्र फोडणीचा आणि तळणाचा धूर होतोच. त्यासाठी खिडकी उघडी ठेवा.

आधी वीज तपासा, मग शेगडी लावा

घरगुती इंडक्शन शेगडी साधारण २००० वॉटची असते. पूर्ण क्षमतेने चालताना ती सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. मोबाइल चार्जर किंवा मिक्सरसाठीचा साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. त्यावर शेगडी चालवली की आतली वायर तापते, प्लग काळा पडतो, वितळतो आणि आग लागू शकते. पिन बदलणारा अॅडाप्टर लावून मोठी पिन छोट्या प्लगमध्ये बसवणे हा तर धोक्याला दिलेला निमंत्रणच समजा.

पहिल्यांदा वापरण्याआधी वायरमनकडून एवढे पाहून घ्या:

१. ओट्याजवळ १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग आहे का, आणि त्याला स्वतंत्र, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आहे का.
२. अर्थिंग खरोखर चालू आहे का. जुन्या वाड्यांत आणि शेतातल्या घरांत तिसऱ्या पिनेला जागा असते, पण मागे वायरच जोडलेली नसते.
३. मेन बोर्डावर एमसीबीसोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का. शॉक बसताना क्षणार्धात वीज तोडणारे हे उपकरण जीव वाचवते.

भांड्याला किंवा शेगडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर ‘थोडा करंट येतो’ म्हणून सोडून देऊ नका. लगेच वापर थांबवा आणि अर्थिंग तपासा.

वस्तीवर व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर शेगडी मध्येच बंद पडते किंवा एरर दाखवते. पुन्हा पुन्हा चालू करण्याचा आटापिटा करू नका. वीज गेली तर भिंतीवरचे बटण बंद करा. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ही शेगडी चालवू नका. मीटर किंवा खांबावरून ठिणग्या उडत असतील, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा.

कोणती भांडी चालतील?

फ्रिजवर लावायचा चुंबक भांड्याच्या तळाला लावून पाहा. घट्ट चिकटला तर भांडे चालेल. लोखंडी तवा, बिडाची कढई, इंडक्शनसाठीचा कुकर आणि काही स्टीलची पातेली चालतात. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ आणि मातीची भांडी चालत नाहीत. तळ सपाट हवा. खोलगट किंवा पोचे आलेल्या तळाचे भांडे डगमगते आणि उकळते कालवण अंगावर येऊ शकते.

पहिल्या दिवशी हे करा

• शेगडी कोरड्या, सपाट ओट्यावर ठेवा. भिंतीपासून चार बोटे तरी अंतर असू द्या. खाली वर्तमानपत्र, कापड किंवा प्लॅस्टिक अंथरू नका. हवा खेळवणारी जाळी तळाला किंवा मागे असते, ती झाकली की शेगडी आतून तापते.
• गॅसच्या शेगडीवर इंडक्शन ठेवून वापरू नका. चुकून बर्नर सुरू राहिला तर अनर्थ होतो.
• वायर ओट्यावरून खाली लोंबू देऊ नका. रांगणारे मूल ती ओढते आणि उकळते भांडे त्याच्यावर पडते. लहान मुलांच्या भाजण्यात गरम पाणी, चहा, दूध सांडून होणारे अपघातच सर्वाधिक असतात.
• पहिल्यांदा पातेल्यात फक्त पाणी उकळून पाहा. बटणे, चाइल्ड लॉक, टायमर यांची सवय होऊ द्या.
• बटणांना कोरडा हात लावा. काम झाले की आधी शेगडीचे बटण बंद करा, आतला पंखा थांबू द्या आणि मग भिंतीवरचे बटण बंद करा.
• चमचा, झाकण, सांडशी, ताटली काचेवर ठेवू नका. शेगडी सुरू झाली तर त्याही तापतात.
• काचेला तडा गेला असेल तर शेगडी वापरू नका. तड्यातून पाणी आत गेले तर शॉक बसू शकतो.

आपल्या स्वयंपाकात कुठे सांभाळावे?

दूध: इंडक्शनवर दूध गॅसपेक्षा लवकर वर येते. मोठे पातेले घ्या, मध्यम सेटिंग ठेवा आणि समोरून हलू नका. उतू गेले तर शेगडी बंद करून काच निवल्यावरच पुसा.

भाकरी: लोखंडी तवा रिकामा असताना फार लवकर तापतो. आधी भाकरी थापून घ्या, मग तवा चढवा. भाकरी जाळावर फुगवता येणार नाही. तव्यावरच कापडाच्या बोळ्याने दाबून फुगवावी लागते, आणि इथेच बोटांना चटका बसतो. बोळा जाड आणि कोरडा घ्या. ओल्या फडक्यातून वाफ हातापर्यंत पोहोचते.

तेल: कढईत तेल घालून बाजूला जाऊ नका. तेल पेटले तर पाणी कधीही ओतू नका. भडका उडतो. शेगडी बंद करा, मोठे झाकण किंवा ताट कढईवर सरकवा आणि गार होईपर्यंत उघडू नका.

कुकर: वाफ लवकर धरते, म्हणून शिट्टीपेक्षा वेळेवर लक्ष द्या. पहिली शिट्टी झाली की सेटिंग कमी करा. वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नका.

घरात गॅसचा वास येत असेल तर इंडक्शनचेच काय, कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

पेसमेकर किंवा आयसीडी असलेले रुग्ण: अगदी जवळ गेल्यास शेगडीचे चुंबकीय क्षेत्र या यंत्राच्या कामात अडथळा आणू शकते. अंतर वाढले की ते झपाट्याने कमी होते. म्हणून छाती आणि शेगडी यांत २ फूट अंतर ठेवा. शेगडीवर वाकू नका. भांडे बरोबर मधोमध ठेवा, ते तळाच्या वर्तुळाएवढे मोठे असू द्या, आणि ढवळायला लाकडी डाव वापरा. चक्कर, धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच मागे सरका. सहसा दूर गेल्यावर यंत्र पूर्ववत चालते, तरीही त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. ज्यांना इतके अंतर ठेवून स्वयंपाक जमणार नाही, त्यांच्यासाठी हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करणे उत्तम.

स्टेंट, गुडघ्याचा सांधा, हाडातली पट्टी, तांबी: यांना शेगडीमुळे धोका नाही. इन्सुलिन पंप किंवा कानातले कॉक्लिअर इम्प्लांट असेल, तर त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले अंतर पाळा.

मधुमेही: बरीच वर्षे साखर जास्त राहिली की पाय आणि काहींचे हातही बधिर होतात. काच गरम आहे हे हाताला वेळेत कळत नाही. काच पुसण्याआधी १५-२० मिनिटे थांबा. छोटा फोड आला तरी डॉक्टरांना दाखवा, कारण अशी जखम चिघळते.

गरोदर महिला: शेगडीचे क्षेत्र एक्स-रेसारखे नसते. ते पेशींतील जनुके तोडत नाही, आणि घरगुती वापराने बाळाला अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. पोट ओट्याला टेकवून उभे राहण्याऐवजी वीतभर मागे उभे राहा, एवढे पुरे. अन्न ‘किरणोत्सारी’ होत नाही आणि त्यातले सत्त्वही इंडक्शनमुळे वेगळे असे नष्ट होत नाही.

घरी ऑक्सिजन घेणारे रुग्ण: ज्वाळा नसली तरी ऑक्सिजनची नळी लावून स्वयंपाकघरात उभे राहू नका. तेल पेटू शकते आणि ऑक्सिजनमुळे आग भडकते. ऑक्सिजनचे यंत्र आणि शेगडी एकाच प्लगवर लावू नका. शेगडीच्या भारामुळे एमसीबी पडला तर यंत्रही बंद पडेल.

वयस्कर आणि विसराळू व्यक्ती: टायमर लावून देण्याची सवय लावा. काचेवर गरम असल्याचा दिवा नसेल, तर काम झाल्यावर शेगडीवर ‘गरम आहे’ अशी पाटी उभी करा. साधा उपाय आहे, पण उपयोगी पडतो.

भाजले तर काय कराल?

१. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. सूज आल्यावर निघत नाहीत.
२. भाजलेला भाग वाहत्या, साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. अपघातानंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो.
३. मोठा भाग भाजला असेल, विशेषतः लहान मुलाचा, तर बाकीचे अंग पांघरुणाने गरम ठेवा.
४. स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाका. फोड फोडू नका. चिकटलेला कपडा ओढू नका.

पुढील परिस्थितीत थांबू नका, रुग्णालयात जा: रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी जखम, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रियाला भाजणे, पांढरी किंवा काळी पडलेली, न दुखणारी जागा, लहान मूल, वृद्ध, गरोदर किंवा मधुमेही रुग्ण. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, हे सांगा.

शॉक बसला तर

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वेगळे करा. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

माणूस उठून बसला, तरी बेशुद्धी, छातीत दुखणे, धडधड किंवा भाजल्याची खूण असेल तर ईसीजी काढलाच पाहिजे. विजेची जखम बाहेरून लहान दिसते, आत मात्र खोल असू शकते.

शेवटी एक सांगणे: या सूचना फक्त शेगडी विकत आणणाऱ्याला माहीत असून उपयोग नाही. दुपारी घरी एकट्या असणाऱ्या आजी, शाळेतून येऊन दूध तापवणारी मुलगी, कामाला येणाऱ्या मावशी, सर्वांना एकदा शेगडीसमोर उभे करून दाखवा. मेन स्विच कुठे आहे, हेही त्याच वेळी दाखवा.