एका झडपेच्या दोन नोकऱ्या

पर्लकोटा नदीला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, अशी बातमी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधीच्या चांदा जिल्ह्यात जंगलातल्या वाटा तर नाल्यांतूनच जात. अशा वाटांचे वाहन म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीने ती बनवली. पुढे मुंबईत महिंद्र कंपनीने तिची जुळणी सुरू केली. विलीजच्या पेट्रोल इंजिनावर एक लहानशी झडप असे. आम्हाला तिचीच हकीकत सांगायची आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असोत, थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. हे प्रमाण वाढले की गॅरेजातले मिस्त्री म्हणतात, 'बॅक कंप्रेशन मारतंय.' या वायूत न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. तो कोंडून राहिला तर तेल खराब होते. म्हणून जुन्या मोटारींत चेंबरला एक नळी जोडून तिचे तोंड खाली रस्त्याकडे उघडे सोडत. गाडी धावू लागली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर पडे. इंजिन वाचले, धूर रस्त्यावर गेला.

लष्करी वाहनांना मात्र ही नळी अडचणीची होती. नाला ओलांडताना तिच्यातून पाणी थेट तेलात शिरायचे. त्यावर उपाय म्हणून नळी इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या वाटेलाच जोडली आणि मध्ये झडप बसवली. इंजिन संथ चालताना ओढ जोराची असते, तेव्हा झडप वाट अरुंद करते. वेग वाढला की मोकळी करते. निसटलेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये जाऊन जळतो.

१९५० नंतरच्या काही वर्षांत हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की लॉस एंजेलिसचे डोळे चुरचुरवणारे धुरके मोटारींतून निसटलेल्या वायूंवर ऊन पडून तयार होते. मोटारीच्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्या उघड्या नळीतून येत होता. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या अमेरिकी मोटारींना, आणि १९६३ पासून अमेरिकेतल्या इतर राज्यांतही, ही झडप बसू लागली. प्रदूषण रोखणारे मोटारीवरचे हे पहिले साधन. भारतात पेट्रोल मोटारींच्या धुरात कोणता वायू किती असावा, याचे देशव्यापी निकष यायला १९९१ उजाडले.

म्हणजे उपाय हाताशी होता. इंजिनात पाणी शिरते म्हटल्यावर तो लगेच वापरला गेला. माणसांच्या छातीत धूर शिरतो म्हटल्यावर वीसेक वर्षे लागली.

गावात जुन्या जीपचे गॅरेज असेल तर विद्यार्थ्यांना जरूर न्यावे. मिस्त्रींना चालू इंजिनाचे तेलाचे झाकण उघडायला सांगावे आणि दोन पावले दूर उभे राहून पाहावे. झाकणातून भकभक वाफ येताना दिसेल. मग मुलांना एवढेच विचारावे : ही कुठे जायला हवी, आणि ते कोणी ठरवायचे?