वैनगंगेकाठची सायकलवाट

चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो, नाही तर नक्षलवादी. डोळ्यांसमोर डोंगर आणि किर्र जंगल उभं राहतं. पण वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा झाडीपट्टीचा मुलूख बराचसा सपाट आहे. सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी, आरमोरी. जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या, मध्ये बोड्या आणि तलाव. धानाला साचलेलं पाणी लागतं, आणि जिथे पाणी थांबतं तिथे सायकलला चढ लागत नाही. आज बोलायचं आहे ते या मुलखातल्या सायकलीबद्दल आणि तिच्या पायाखालच्या रस्त्याबद्दल.

हा रस्ता काही सायकलसाठी झाला नाही. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. त्यांना हवं होतं सागवान. आलापल्लीचं सागवान तेव्हा नावाजलेलं होतं. त्या जुन्या जंगलाचा सहा हेक्टरचा तुकडा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने अजून राखलेला आहे. लाकूड बाहेर न्यायला गाडीवाटा झाल्या. १९१३ पर्यंत गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट अशी छोटी रेल्वे आली. पुढे बल्लारपूरचा कागद कारखाना उभा राहिला, आणि बांबूचे ट्रक सुरू झाले. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे. पण हे सगळं हंगामी. हंगाम सरला की रस्ता मोकळा, आणि पावसाळ्यात तर त्यावर कुत्रंही फिरकत नसे. त्या मोकळ्या रस्त्याचा ताबा सायकलने घेतला.

सुरुवातीला सायकल म्हणजे विलायती वस्तू, मालगुजाराच्या वाड्यात भिंतीला टेकवून ठेवलेली. १९५१ मध्ये अॅटलास आणि १९५६ मध्ये हिरो, अशा देशी सायकली निघाल्या आणि चित्र पालटलं. गुरुजी, पोस्टमन, जंगलखात्याचा नाकेदार, मलेरियाची फवारणी करणारा, असे सरकारी पगारदार आधी सायकलवर बसले. मग शेतकरी. माझ्या वडिलांची सायकल बावीस इंची होती. मागच्या कॅरिअरवर धानाचं पोतं, पुढच्या दांडीवर मी. पोत्याला जास्त जपत, हे मला तेव्हाही कळत होतं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरे, रात्री नाटक असे. दहा-बारा किलोमीटरवरून माणसं सायकलने येत आणि पहाटे परत जात. रस्त्यावर दुसरं वाहन नसायचं. अंधारात डायनॅमोचे दिवे एकामागून एक हलत जायचे आणि कुणीतरी नुकतंच ऐकलेलं पद मोठ्याने म्हणत असायचं.

इथे थोडं इंग्लंडकडे वळतो, कारण सायकलचा जो इतिहास तिथे घडला त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. डनलॉपचं हवेचं टायर १८८८ सालचं. तिथल्या सायकलस्वारांनी त्याच्याही आधी, १८७८ मध्ये आपली संघटना बांधली होती, आणि ‘आम्हाला चांगले रस्ते द्या’ म्हणून चळवळ केली होती. रस्ते झाले. त्यावरून मोटारी धावू लागल्या आणि ज्यांनी रस्ता मागितला ते कडेला गेले. शंभरेक वर्षांनी, १९७७ मध्ये, ब्रिस्टलच्या काही मंडळींनी सायकलसाठी वेगळ्या वाटा बांधण्याची खटपट सुरू केली. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ तोवर निघालेले होते. त्या पट्ट्यांवरून वाटा काढल्या. १९९५ मध्ये त्यांना लॉटरीच्या निधीतून सव्वाचार कोटी पौंड मिळाले. आज लिंकनहून बोस्टनकडे विदम नदीच्या काठाने, जुन्या रेल्वेच्या जागेवरून, सपाट शेतातून माणूस पन्नासएक किलोमीटर, बरीचशी वाट मोटारीचा आवाज न ऐकता, जाऊ शकतो. आपली छोटी रेल्वे मात्र बंद न पडता मोठी झाली, हे बरंच झालं.

म्हणजे निवांत रस्ता त्यांना पैसे मोजून परत घ्यावा लागला, आणि आपल्याकडे तो फुकट होता. पण फुकट का होता, तेही पाहिलं पाहिजे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याच सुमारास दक्षिणेकडून नक्षलवादी आले. पुढची तीसेक वर्षं झाडं पाडून रस्ते अडवले गेले, सुरुंग पेरले गेले, दिवस मावळला की वाहनं थांबू लागली. भामरागडला तर पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की संबंध तुटायचा. हा मोकळेपणा भीतीचा होता, गरिबीचा होता. त्याचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. आजारी बाईला खाटेवर घालून नेणाऱ्याला रिकाम्या रस्त्याचं सुख सांगून पाहा.

आणि तरी याच मातीतून सायकलची एक मोठी गोष्ट घडली. पंजाब पेटलेला होता, इंदिरा गांधींची हत्या होऊन वर्ष उलटलं होतं. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे निघाले आणि १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा सुरू झाली. ११६ तरुण-तरुणी, सायकलवर, काश्मीरपर्यंत, ५,०४२ किलोमीटर. बाबांच्या पाठीच्या कण्याने बसणंही अशक्य केलेलं. ते गाडीत आडवे पडून बरोबर गेले. पुन्हा १९८८ मध्ये इटानगर ते ओखा. बाबांनी सायकलच का निवडली असावी? मला वाटतं, सायकलवरच्या माणसाला वाटेतलं गाव टाळता येत नाही. पाणी मागावं लागतं, पंक्चर काढावं लागतं.

गेल्या दीड दशकात सायकल मुलींच्या हाती आली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही तालुक्यात जा, गणवेशातल्या मुली तीन-तीनच्या रांगेत बोलत चाललेल्या दिसतील. एकामागे एक चला, असं गुरुजी कितीही सांगोत.

पण आता रस्ता रिकामा राहिलेला नाही. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या लोहखाणीचं काम २०२१ पासून जोराने सुरू झालं. लोहखनिजाचे ट्रक आलापल्ली, आष्टीमार्गे धावू लागले. धूळ आली, खड्डे आले, अपघातांत माणसं गेली, गावकऱ्यांनी चक्काजाम केले. खनिज वाहून नेण्यासाठी हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली. तिने ट्रक किती कमी होतात ते रस्त्याकडेची माणसं मोजतीलच. इतर अवजड वाहनं आहेतच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली-आरमोरी रस्त्यावर काटलीजवळ सकाळी व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकने उडवलं. चार मुलं गेली. रस्ता हवा, रस्ता हवा म्हणून ज्या गावांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, त्याच गावांची ही मुलं.

मग सायकलने जायचं कुठून? आपल्याकडे रूळ काढलेले रेल्वेमार्ग नाहीत, पण नहर आहेत. सावली तालुक्यातला आसोलामेंढा तलाव १९१८ सालचा. आता गोसीखुर्दचं पाणी त्याला मिळतं, आणि नहरांचं जाळं धानाच्या शेतांतून गेलं आहे. नहराच्या पारीवरून देखभालीची वाट असते; सपाट, पाण्याच्या कडेने जाणारी, ट्रकच्या कामाची नसलेली. शेतकरी तिच्यावरून सायकल नेतातच. शिवाय गावोगावच्या पांदण रस्त्यांना आता सरकारी योजना आहे, निधी आहे. नहराची पार आणि पांदण एकमेकांना जोडून शाळेपर्यंत नेणं, मुरूम टाकणं, नाल्यावर लहानसा पूल घालणं, याला लॉटरीचे कोट्यवधी पौंड लागणार नाहीत. जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यात वाघाचा विचार करावा लागेल, पहाटे आणि सांजेला तिथून एकट्याने जाऊ नये. पण उघड्या बांध्यांतून जाणारी वाट बरीच आहे. या उन्हाळ्यात नहर कोरडा असताना एखाद्या शाळेने गुरुजी, पालक आणि एक टेप घेऊन आपल्या गावापुरती ती मोजून तरी पाहावी.